क्रेडिट किती आहेत यापेक्षा ते कुठे धरले जातात ते पाहा

अमेरिकेत पदवीला १२० क्रेडिट (कोर्सचे गुणांक) लागतात, एपीचे, म्हणजे हायस्कूलमध्येच केलेल्या कॉलेजच्या पातळीच्या कोर्सचे, ३० हातात असले की एक वर्ष वाचलंच, हा हिशोब मला अर्धाच पटतो. आम्हीही नेमका तोच मांडला होता. मुलगी ३४ क्रेडिट घेऊन कॉलेजात गेली, पण इतिहास, मानसशास्त्र, पर्यावरण यांचे क्रेडिट नुसते ऐच्छिक विषयांत जमा झाले. मुख्य विषय कॉम्प्युटर सायन्स. तिथे एक कोर्स झाल्याशिवाय पुढचा घेता येत नाही, आणि त्यातले दोन कोर्स वर्षातून एकाच सत्रात असायचे. तीन वर्षं ठरवली होती, लागली साडेतीन. तरी एका सत्राची फी वाचली, आणि ती रक्कम लहान नव्हे!

इलिनॉय राज्यात एपीच्या परीक्षेत ५ पैकी ३ किंवा जास्त स्कोअर असेल तर सरकारी विद्यापीठांना एपीचं क्रेडिट द्यावंच लागतं, तसा कायदा आहे. मात्र ते ऐच्छिक धरायचं की मुख्य विषयात, हे विद्यापीठच ठरवतं. डार्टमथसारखी खाजगी कॉलेजं तर २०१४पासून प्रवेश घेतलेल्यांना पदवीसाठी एपीचं क्रेडिट देतच नाहीत, फार तर त्या विषयाच्या थेट पुढच्या कोर्सला बसवतात. म्हणून अकरावी-बारावीत एपी निवडतानाच मुलाच्या मनातल्या दोन-तीन कॉलेजांचा, कुठल्या एपीचं क्रेडिट कुठे धरतात तो तक्ता उघडून बसा. मेडिकलकडे जायचं असेल तर आणखी सावध राहा. काही मेडिकल कॉलेजं रसायनशास्त्र, जीवशास्त्रासाठी एपी धरत नाहीत, ते कोर्स कॉलेजात करावेच लागतात.