फलटणला दोन चेअरचं दातांचं क्लिनिक: टाइल्स बसायच्या आधी कॉम्प्युटर-नेटवर्कचं काय काय करून घेऊ?

नवी_पाटी_फलटण

नमस्कार. बीडीएसनंतर पाच वर्षं पुण्यात दुसऱ्यांच्या क्लिनिकमध्ये काम केलं, आता फलटणला स्वतःचं सुरू करतेय. पहिल्या मजल्यावर ४८० चौरस फुटांचा गाळा आहे. दोन चेअर, रिसेप्शन, आणि कॉम्प्रेसर आणि ऑटोक्लेव्ह (उपकरणं निर्जंतुक करायचं मशिन) यांच्यासाठी मागे एक छोटी खोली. पुढेमागे ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढायचं मशिन) घ्यायचा आहे म्हणून एक कोपरा मोकळा ठेवलाय. प्लंबिंग चालू आहे आणि सोमवारी टाइल्सवाला येतोय.

कॉम्प्युटरवाल्याचं कोटेशन ३ लाख ४० हजारांचं आलंय. त्यात एक टॉवर सर्व्हर, विंडोज १० टाकलेले तीन रिफर्बिश्ड पीसी, २४ पोर्टचा स्विच, चार कॅमेरे, एक यूपीएस. इंटिरियरवाला म्हणतो केबलचं नंतर बघू, पट्टी मारून देतो, नाहीतरी आजकाल सगळं वायफायवर चालतं. आरव्हीजी सेन्सर (तोंडात ठेवून दाताचा एक्स-रे थेट कॉम्प्युटरवर आणणारा) एकच घेणार आहे, दोन्ही चेअरला फिरवून वापरीन.

सॉफ्टवेअर क्लाउडवरचं घ्यावं की आपल्याच कॉम्प्युटरवर चालणारं, हेही ठरत नाहीये. कर्ज काढून करतेय, त्यामुळे चुकायला फार जागा नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

---

कृष्णाकाठ_सांगली

तुला तू म्हणते, माझी मुलगी तुझ्याच वयाची असेल. आधी टाइल्सवाल्याला फोन कर आणि काम दोन दिवस पुढे ढकल. बाकीचं सावकाश वाच.

प्लंबर आणि चेअरवाला पाणी, हवा, ड्रेन आणि लाइट एवढ्या चारच गोष्टी मोजतात. नेटवर्कची वायर त्यांच्या हिशेबात नसते. माझ्या पहिल्या क्लिनिकमध्ये ती अशीच राहून गेली आणि मग फरशीवरून पट्टी मारली. रोज फिनेलच्या पाण्याने पुसायचं, त्यावरून डॉक्टरच्या स्टुलाची चाकं फिरायची. सहा महिन्यांत पट्टीचं झाकण उचकटलं आणि एका सकाळी चाकाखाली केबल चिरडली. त्या दिवशी चेअरवर पेशंट तोंड उघडून बसलेला आणि मी गुडघ्यावर बसून वायर जोडत होते. भिंतीत २५ एमएमचा पाइप टाकायला तेव्हा एक दिवस लागला असता. रिसेप्शनपासून प्रत्येक चेअरच्या बाजूच्या कॅबिनेटमागे, ओपीजीच्या कोपऱ्यात आणि छतावर मध्यभागी वायफायसाठी, असे पाइप आत्ताच टाकून घे. चेअरखालच्या जंक्शन बॉक्समध्ये मात्र डेटाचा पॉइंट देऊ नकोस. तिथे पाण्याचा जॉइंट कधी ना कधी गळतोच. आणि लाइटची वायर आणि नेटवर्कची केबल एका पाइपात घालू देऊ नकोस, वायरमन कितीही म्हणाला 'काही होत नाही' तरी.

आरव्हीजीबद्दल. सेन्सर लाखाच्या घरातली वस्तू आहे आणि यूएसबीवर चालते. यूएसबी २ ची साधी केबल पाच मीटरपर्यंतच धड चालते, आणि सेन्सरची स्वतःचीच दोन-तीन मीटर असते. एक पीसी मध्ये ठेवून एक्स्टेन्शन लावून दोन्ही चेअरला पुरवायचं तुझ्या मनात असेल तर ते सोड, ऐन वेळी 'सेन्सर नॉट डिटेक्टेड' येतं. दोन्ही चेअरला छोटा का होईना, वेगळा पीसी ठेव आणि सेन्सर पीसीच्या मागच्या पोर्टला लाव, पुढच्या नाही. सेन्सरबरोबर कॅलिब्रेशनची फाइल येते, ती बहुतेक त्या सेन्सरच्या सिरियल नंबरची असते आणि दोन्ही पीसीवर टाकावी लागते. तिची कॉपी पहिल्याच दिवशी काढून ठेव. इन्स्टॉल करणारा मुलगा पेनड्राइव्ह परत घेऊन जातो आणि वर्षाने पीसी बदलताना आपण फोन लावत बसतो.

माझ्याकडे दोन महिने असं चाललं होतं की सकाळी सेन्सर उत्तम आणि दुपारी जेवून आल्यावर ओळखतच नाही. काढून परत लावला की सुरू. मला वाटलं सेन्सरच गेला, झोप उडाली होती. शेवटी कळलं की कॉम्प्युटर नुसता पडून राहिला की विंडोज वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवतं. पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' नावाची सेटिंग आहे, ती डिसेबल केली आणि त्रास थांबला. दोन्ही पीसीवर करून घे.

वीज: कॉम्प्रेसरला वेगळी लाइन, वेगळा एमसीबी. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्याच लाइनवर कॉम्प्युटर असेल तर तो हमखास डोळा मारतो. ऑटोक्लेव्हचंही तसंच. हे दोन्ही यूपीएसवर कधीही टाकायचे नाहीत. यूपीएसवर पीसी, स्विच, राउटर एवढंच. आणि अर्थिंग वायरमनच्या शब्दावर सोडू नकोस. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज तुझ्यासमोर मीटर लावून मोजायला सांग. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसला तर आधी तो विषय संपव, मगच कॉम्प्युटर आणि चेअर जोडू दे.

आता बॅकअप. ऑगस्ट २०१९ मध्ये आमचं क्लिनिक सांगलीत तळमजल्यावर होतं. २००५ च्या पुराच्या खुणा भिंतीवर होत्या, त्याच्या वर हातभर अंतर ठेवून आम्ही सीपीयू, यूपीएस, फाइली सगळं चढवलं आणि घर गाठलं. पाणी २००५ च्या खुणेवर थांबलं नाही. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, कृष्णा ५७ च्या वर गेली. आठवड्याने शटर उघडलं तेव्हा सगळ्यावर चिखलाचा थर होता. बॅकअपची हार्डडिस्क होती, रोज संध्याकाळी न चुकता कॉपी घेत होतो. ती त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होती.

मार्चमध्ये पीसी बदलताना यांच्या लॅपटॉपवर एक कॉपी घेतली होती, ती पुसायची राहिली होती म्हणून वाचली. मार्च ते ऑगस्ट गेलं ते गेलंच. अर्धवट रूट कॅनालचे पेशंट आले, त्यांचे एक्स-रे परत काढले, वर्किंग लेंग्थ (मुळाच्या आत किती खोल जायचं ते माप) परत घेतली. पण त्या पाच महिन्यांत ब्रेसेस लावलेली अकरा मुलं होती. ब्रेसेस लावायच्या आधीचे त्यांचे फोटो गेले, ते परत कुठून काढणार? दात तोवर हलले होते. एका मुलीच्या आईने घरातल्या वाढदिवसाच्या फोटोतली हसरी मुलगी मोठी करून आणून दिली, त्यावर मी काम पुढे नेलं. तो प्रिंट अजून माझ्याकडे आहे.

तुझ्याकडे पूर येणार नाही. पण शॉर्टसर्किट होईल, चोरी होईल, नाहीतर एखादा व्हायरस सगळ्या फाइलींना कुलूप लावून पैसे मागेल. म्हणून दोन डिस्क घे, आलटून पालटून वापर, एक रोज पर्समधून घरी न्यायची. तिसरी कॉपी पासवर्डने बंद करून क्लाउडवर. डिस्क कॉपी झाली की काढून ठेवायची, लावून ठेवलेली डिस्क व्हायरस सोडत नाही. आणि महिन्यातून एकदा त्यातला एखादा जुना एक्स-रे खरंच उघडतो का, ते पाहायचं.

एक्स-रे मशिन घेताना एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) टाइप अप्रूव्हल, म्हणजे त्या मॉडेलला मिळालेली मंजुरी, विचार आणि वापर सुरू करण्याआधी त्यांच्या ई-लोरा पोर्टलवरचं काम पुरं कर. विक्रेता 'आम्ही करून देतो' म्हणेल, पण लॉगिन तुझ्या ईमेलवर आणि तुझ्या मोबाइलवर असू दे.

---

क्रिम्पिंग_कराड

मॅडमनी क्लिनिकच्या बाजूने सांगितलं, मी वायर ओढणाऱ्याच्या बाजूने सांगतो. १२ वर्षं हेच करतोय, त्यात दवाखाने बरेच.

डॉक्टर, दोन चेअरला टॉवर सर्व्हर नको. रिसेप्शनचा एक चांगला पीसी, एसएसडी आणि १६ जीबी रॅमवाला, तोच मुख्य करा. पॉइंट मोजा: रिसेप्शनला दोन, चेअरला दोन-दोन, प्रिंटर, वायफाय, दोन कॅमेरे, ओपीजीच्या कोपऱ्यात दोन. बारा झाले. १६ पोर्टचा गिगाबिट स्विच भरपूर झाला.

विंडोज १० चे रिफर्बिश्ड पीसी अजिबात घेऊ नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि इंटेलची आठवी जनरेशन किंवा त्यापुढचा प्रोसेसर नसेल तर विंडोज ११ रीतसर बसत नाही. स्वस्तात मिळतात ते बहुतेक त्याच्या आधीचे असतात. आरव्हीजीवाल्यांकडूनही ११ वर ड्रायव्हर चालतो हे लेखी घ्या.

केबल कॅट ६ घ्या, पण बॉक्सवर काय छापलंय यावर जाऊ नका. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल सर्रास विकली जाते. वायरमनला समोर बोलवा, एक तार सोलून ब्लेडने खरवडायला सांगा. आत पांढरी निघाली तर अॅल्युमिनियम, परत पाठवा. ३०५ मीटरचा बॉक्स उचलला तरी कळतं, तांब्याचा चांगलाच जड लागतो. अॅल्युमिनियमची आज चालेल, पण आयओ बॉक्समध्ये (भिंतीवरच्या नेटवर्क सॉकेटमध्ये) दोन-चारदा हलली की तुटते आणि मग भिंतीतली केबल कोण बदलणार?

एक अनुभव. कराडच्या एका दवाखान्यातून दर सोमवारी सकाळी फोन यायचा की आतल्या चेअरवर सॉफ्टवेअर उघडत नाही. मंगळवार ते शनिवार काही तक्रार नाही. दोनदा जाऊन केबल तपासली, स्विच बदलून पाहिला. मग लक्षात आलं की रविवारी सगळं बंद असतं. सोमवारी राउटर मुख्य पीसीला नवा आयपी देतो आणि आतला पीसी जुन्या पत्त्यावर शोधत बसतो. राउटरमध्ये त्या पीसीचा आयपी कायमचा राखून ठेवला, त्यानंतर सोमवारचा फोन आला नाही. तुमच्याकडे पहिल्याच दिवशी हे करून घ्या, प्रिंटरचाही.

वायफाय पेशंटना द्यायचं असेल तर गेस्ट नेटवर्क वेगळं. एक्स-रे ज्या नेटवर्कवर आहेत त्यावर बाहेरचा एकही मोबाइल नको. कॅमेऱ्यांचा आणि त्यांच्या रेकॉर्डरचा (डीव्हीआर) कंपनीने दिलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये मिराई नावाचा व्हायरस जगभर पसरला तो अशाच न बदललेल्या पासवर्डांच्या कॅमेऱ्यांमधून. आणि कॅमेरे चार कशाला? दारावर एक, रिसेप्शनवर एक. चेअरवर कॅमेरा लावू नका, पेशंट तिथे कुठल्या अवस्थेत असतो ते तुम्ही जाणता.

सॉफ्टवेअरवाले मदतीसाठी रिमोटचं सॉफ्टवेअर टाकतात आणि त्यात कायमचा पासवर्ड ठेवून जातात. तो काढा. मदत लागेल तेव्हा तुम्ही समोर बसून नंबर द्यायचा.

---

बाळदात_पुणे

एकच भर. मुलांसाठी चेअरसमोर छताला टीव्ही लावायचा असेल तर आत्ताच वेगळा जाड पाइप टाका. एचडीएमआयचं डोकं २५ एमएमच्या वळणातून जात नाही, मला नवं फॉल्स सीलिंग फोडावं लागलं. कार्टून लागलं की चार वर्षांचं मूल मान वर करून शांत पडून राहतं, त्यामुळे माझ्यासाठी तो खर्च सेन्सरइतकाच गरजेचा आहे.

---

नवी_पाटी_फलटण

मॅडम, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. टाइल्स बुधवारवर ढकलल्या. इंटिरियरवाला नाराज झाला, पण वायरमन रात्रीच येऊन झिऱ्या मारून गेला. केबलचा बॉक्स आला होता, ब्लेडने खरवडून पाहिलं तर आत पांढरी. परत पाठवला.

दोन गोष्टी राहिल्या. सॉफ्टवेअरचं कळत नाहीये. आणि चेअर दोनपर्यंत एक पाइप पुरेल की दोन?

---

कृष्णाकाठ_सांगली

पांढरी निघाली आणि तू परत पाठवलीस, फार बरं वाटलं.

सॉफ्टवेअर क्लाउडवरचं की कॉम्प्युटरवरचं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न विकणाऱ्याला हा विचार: उद्या मी तुमचं सॉफ्टवेअर सोडलं तर माझे पेशंट मला कशात काढून देणार? नावं-तारखा एक्सेलमध्ये, एक्स-रे डायकॉम किंवा टिफ (कुठल्याही सॉफ्टवेअरला उघडता येतील अशा चित्रांच्या फाइली) मध्ये, आणि कुठला एक्स-रे कुणाचा हे कळेल अशा नावाने. डेमोमध्येच दोन खोटे पेशंट भरून एक्स्पोर्ट करून दाखवायला सांग. आणि वर्षाची फी भरली नाही तर जुनी नोंद निदान वाचता येते का, तेही. एका विक्रेत्याने मला यावर तीनदा विषय बदलून उत्तर दिलं, तिथून उठले. अपॉइंटमेंट, बिलं, मेसेज क्लाउडवर असले तर माझी हरकत नाही, नेट गेलं तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तेवढं निभतं. एक्स-रे आणि फोटो मात्र आपल्या पीसीवर हवेत, पेशंटच्या हिरडीत सुई असताना नेटची वाट बघता येत नाही. एक्स-रे व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नकोस, बारीक रेषा पुसल्या जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठव, आणि पेशंटला विचारून. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, संमतीचा एक कागद केसपेपरलाच जोडून टाक.

पाइप दोनच टाक. एकात केबल, दुसरा रिकामा, त्यात ओढायची तार घालून दोन्ही टोकं बांधून ठेव. आणि उद्या सकाळी गवंडी झिऱ्या बुजवायच्या आत प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढ. भिंतीला मेजर टेप लावून काढ, दारापासून आणि फरशीपासून किती इंचावर पाइप आहे ते फोटोत वाचता आलं पाहिजे. चेअर बसवायला आलेला माणूस ड्रिल हातात घेईल तेव्हा तो फोटो त्याच्यासमोर धर.