अलाइनमेंट राहू द्या, आधी बुश (सांध्यातलं रबर) बघा
दोनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करूनही ताशी ९०च्या पुढे गाडी तरंगते, सरळ न राहता डुलते म्हणताय, तर तिसऱ्यांदा पैसे घालू नका. स्टिअरिंग थरथरत असतं तर बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सारखं करा, म्हटलं असतं, तरंगणं वेगळं. माझी गाडी समृद्धी महामार्गावर ट्रक ओलांडताना अशीच डुलायची. अलाइनमेंटच्या कागदावर मात्र सगळे आकडे हिरवे! शेवटी एका जुन्या मिस्त्रीने लोअर आर्मला (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याला) पहार लावून हलवलं, तर मागचा बुश फाटून लोंबत होता. उभ्या गाडीवर माप बरोबर येतं, धावताना चाक जागा सोडतं. टायरवरून तळहात आडवा फिरवा. करवतीसारखे दाते लागले तर टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलाय. आणि हवा टायर थंड असताना मोजा, पंपावाले सरसकट ३५ पीएसआय मारतात. बुश बदलल्यावर अलाइनमेंट पुन्हा करावीच लागेल, तेवढं धरून चला.