मदत हवी आहे: बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी) चालू असताना नाडीची मर्यादा कशी ठरवायची?

कंबर तलावावर चालायला येणाऱ्या 58 वर्षांच्या काकांसाठी विचारतोय. 220 वजा वय धरलं तर कमाल ठोके 162; 208 मधून वयाची 0.7 पट वजा केली तर 167. गोळीआधीची सकाळची नाडी 72, म्हणजे राखीव ठोके 167 वजा 72, 95. त्याचे 50 ते 70 टक्के 72 मध्ये मिळवले की चालतानाची मर्यादा 120 ते 138. पण आता मेटोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर सुरू झालंय. ही गोळी कमाल ठोकेच खाली आणते, तेव्हा 138 च्या मागे लागणं धोक्याचं. त्यात सोलापूरचं ऊन, त्याच वेगाला ठोके वाढतात. सध्या बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढाच वेग ठेवलाय. गोळी घेऊनच स्ट्रेस टेस्ट (व्यायाम करवून हृदयाची तपासणी) करून कुणी मर्यादा ठरवून घेतलीय का? डॉक्टरांना नेमकं काय विचारावं?