शोस्ताकोविचचं काही हसरं आहे का?

उपाशी कान: एका मित्राच्या नादाने शोस्ताकोविच या रशियन संगीतकाराकडे वळलो. आधी सातवी सिंफनी ऐकली, मग आठवी. आठवी संपल्यावर तासभर कुणाशी बोलावंसं वाटेना. बायको विचारत होती, ऑफिसात काही झालं का? माणूस थोर आहे, वाद नाही. पण याचं हलकंफुलकं काही असेल तर सुचवा. "मोझार्ट ऐका" हा सल्ला नको.

खर्जातला: नववी. डोळे झाकून. पंचवीसेक मिनिटांत आटोपते. भाग पाच, त्यातले शेवटचे तीन न थांबता सलग.

त्यामागची गोष्ट ठाऊक असली की जास्त मजा येते. साल १९४५, युद्ध नुकतंच जिंकलेलं, त्यात आकडा नववा. आता बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीसारखा कोरस आणि विजयाचा जयघोष येणार असं सगळे धरून चाललेले. त्याने तसं काहीतरी सुरूही केलं होतं, पण ते बाजूला टाकलं आणि ऑगस्टअखेर हे टवाळ प्रकरण लिहून मोकळा झाला.

पहिल्या भागात ट्रॉम्बोनकडे (पितळी फुंकवाद्य) लक्ष ठेवा. ऐटीत दोनच स्वर वाजवतो, प–सा, आणि लगेच पिकोलो (छोटी बासरी) शीळ घालत येते. पुढे सगळी मांडणी पुन्हा येते तेव्हा हा गडी भलत्याच जागी प–सा करत घुसतो. बाकीचे दाद देत नाहीत, तरी हा हटत नाही. शेवटी त्याच्यापुढे हात टेकतात, आणि या वेळी ती शीळ एकट्या व्हायोलिनकडे जाते.

रात्रपाळी: +१. पण "हसरं" म्हणून ऐकायला बसाल आणि चौथ्या भागात फसाल. ब्रास (पितळी वाद्यं) दरडावतं आणि बसून (bassoon, खालच्या सुरांचं लाकडी फुंकवाद्य) एकटाच विलाप करत राहतो. मग तोच बसून, श्वासही न घेता, शेवटच्या भागाची थट्टा सुरू करतो. कीर्तनकार बायाबापड्यांना रडवून पुढच्याच वाक्याला हशा काढतो ना, तस्सं. वरच्या सोव्हिएत अधिकाऱ्यांना ही थट्टा पचली नाही. १९४८ साली बंदी घातलेल्या कृतींच्या यादीत नववीही होती.

उपाशी कान: रेकॉर्डिंग कुठलं घेऊ?

खर्जातला: कंडक्टर कोंद्राशिन, वाद्यवृंद मॉस्को फिलहार्मोनिक. धार आहे. कंडक्टर बर्नस्टाइनचं व्हिएन्नावालंही चांगलं, आणि या सिंफनीवर त्याने केलेलं चित्रित विवेचन मिळालं तर सोडू नका. लोकलमध्ये मात्र ऐकू नका, बसूनचे हळू स्वर गाडीच्या खडखडाटात बुडतात. (अनुभव.)

चहाबाज: सिंफनीच हवी असा हट्ट नसेल तर त्याचा दुसरा पियानो कन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) घ्या, १९५७चा. मुलासाठी, मक्सिमसाठी लिहिलाय. त्याच्या एकोणिसाव्या वाढदिवशी त्यानेच पहिल्यांदा वाजवला. मधला भाग इतका गोड आहे की हाच का तो माणूस असं वाटतं.

उपाशी कान: नववी दोनदा ऐकली, धन्यवाद. दुसऱ्यांदा लेक शेजारी होती. आता जेवायला हाक मारली की ती खोलीतून नुसतं "पँ-पाँऽ" करते.