प्रतिसाद: रामचंद्रन यांची मद्रासमधील वर्षे

भारतीय भौतिकशास्त्रज्ञ गो. ना. रामचंद्रन यांचे नाव केवळ 'रामचंद्रन आलेखा'मुळे (प्रथिनाची साखळी कोणकोणत्या प्रकारे वळू शकते, हे दाखवणाऱ्या आलेखामुळे) टिकले, असे एक मत मांडले गेले आहे; त्यालाच हा प्रतिसाद. ते खरे असले तरी तो आलेख ज्या वादातून निघाला, त्याचाही उल्लेख येथे व्हायला हवा. केंब्रिजहून पीएच.डी. घेऊन आलेले रामचंद्रन 1952 मध्ये, वयाच्या तिशीत, मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख झाले. त्याच सुमारास तेथे आलेल्या ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांच्याशी बोलताना कोलॅजेनच्या (कातडी, हाडे यांत असणाऱ्या प्रथिनाच्या) रचनेचा प्रश्न त्यांच्यापुढे आला आणि त्याचे नमुने शहरातल्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून मिळाले (चर्मोद्योगाची संस्था आणि रेणूंचा अभ्यास ही जोडी मला फार आवडते).

सहकारी गोपीनाथ कार्था यांच्यासह त्यांनी मांडलेल्या कोलॅजेनच्या तिपेडी रचनेवर फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच या शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला, की तीत काही अणू एकमेकांच्या अवास्तव जवळ येतात. वादावादीत न अडकता, अणू प्रत्यक्षात किती जवळ येऊ शकतात, हे रामचंद्रन यांनी प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचना तपासून ठरवले. त्या मर्यादा पेप्टाइड साखळीचे (प्रथिन ज्यापासून बनते त्या अमिनो आम्लांच्या साखळीचे) वळण ठरवणाऱ्या फाय आणि साय या दोन कोनांना लावल्यावर बहुतेक कोनजोड्या बाद ठरल्या; उरलेल्या जागा म्हणजेच रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासह 1963 मध्ये प्रसिद्ध झालेला तो आलेख. प्रथिनाची नवी रचना आजही त्यावर पडताळून पाहतात. बंगळूरचे रेण्वीय जीवभौतिकी केंद्र त्यांनी त्यानंतर उभारले.