मदत हवी आहे: भाच्याला गोलकीपर व्हायचंय, परभणीजवळ शिकवणारं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. माझा भाचा नववीत आहे, दोन वर्षांपासून फुटबॉलमध्ये गोलात उभा राहतो. मैदान म्हणजे टणक मुरूम. परवा डावीकडे झेप घेतली आणि मनगटापासून कोपरापर्यंत सगळं सोलून निघालं. बहिणीनं हळद लावली, लेकरू दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! ग्लोव्हजच्या तळव्याचा फोम तर दोन महिन्यांत उडतो.

इथले सर मनापासून शिकवतात, पण सगळ्यांना सराव एकच. गोलकीपरचं काम वेगळं आहे. पुढे येऊन फटका मारणाऱ्याचा कोन कमी करणं, पडताना कोपरावर न येता कुशीवर येणं, पायानं नेमका पास देणं. हे कोण शिकवणार?

दाजी म्हणतात, उशीर झाला. मला नाही पटत. इटलीचा गोलकीपर डिनो झॉफनं १९८२चा विश्वचषक चाळिसाव्या वर्षी जिंकला, तिथलाच गोलकीपर बुफॉन २०२३ मध्ये निवृत्त झाला तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता. आणि आपल्याकडचा गोलकीपरही युरोपपर्यंत पोचतो: भारताचा गुरप्रीत सिंग संधू २०१६ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक क्लबकडून युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत खेळला.

नांदेड किंवा संभाजीनगरला फक्त गोलकीपरना शिकवणारे कोच आहेत का? शनिवार-रविवार मी स्वतः रेल्वेनं नेईन. की दहावीआधीच पुण्या-मुंबईच्या निवासी अकादमीत पाठवावं? उंची सध्या पाच फूट चार इंच आहे, निवडीत त्यावरून बाद करतात का? कुणाचं लेकरू या वाटेनं गेलं असेल तर खर्चासकट सगळं सांगा.