इमर्जन्सी व्हेट म्हणजे लूट म्हणणाऱ्यांना एकदाचं उत्तर

चौकस
परवा तिरसट यांची पोस्ट वाचली तेव्हाच उत्तर द्यायला बसले होते, पण म्हटलं राग निवला की लिहू. दोन दिवस झाले, निवला नाही. ज्यांची हुकली त्यांच्यासाठी थोडक्यात: हे रात्री कुत्र्याला घेऊन इमर्जन्सीला गेले, दीड तास बाहेर बसवलं, मागून आलेल्या दोघांना आधी आत घेतलं, ॲडव्हान्स भरायला लावला, एक्सरे आणि रक्त झालं आणि निघालं काय तर पोट बिघडलंय. म्हणून निष्कर्ष, 'घाबरलेल्या माणसाचा खिसा कापायचा धंदा'. खाली अंगठ्यांचा पाऊस.

अहो पण पोटच बिघडलंय हे कळलं कशावरून? एक्सरे काढला म्हणूनच ना? काही अडकलेलं नाही, पिळा पडलेला नाही, हे बघितल्याशिवाय कोण सांगणार? काही निघालं नाही म्हणून पैसे वाया गेले, हे लॉजिक मला आजवर झेपलेलं नाही.

आता माझं ऐका. माझा शेफर्ड, ९ वर्षांचा. रात्री खाऊन तासभर झाला असेल, हॉलमध्ये नुसत्या फेऱ्या, बसेना, मान खाली घालून ओकारी काढायचा आणि पडायचा फक्त फेस. पोटाला हात लावला तर ढोलकी. गाडीत माझ्या मांडीवर डोकं होतं तेव्हा ओठ वर करून बघितलं, हिरड्या पार फिकट पडलेल्या. आम्ही दारात पोचलो तेव्हा बाकावर एक बाई मांजराची टोपली घेऊन बसली होती, बरीच आधीपासून असणार. आम्हाला कोणी थांब म्हणालं नाही, सरळ आत. तिने ज्या नजरेने बघितलं ती अजून आठवते. जठराला पीळ पडला होता. दोन्ही पायांत सलाईन, आधी गॅस काढला, मग ऑपरेशन, परत पीळ पडू नये म्हणून जठर पोटाच्या भिंतीला टाचलं. पुढे ३ वर्षं जगला. त्या बाईच्या थांबण्यावर जगला. तुम्ही थांबलात त्या दीड तासातही कोणाचं तरी असंच काही चालू असेल, एवढं डोक्यात आलं नाही का?

तिरसट
आलो. एवढं लिहायचंच होतं तर त्याच पोस्टखाली लिहायचं, वेगळा धागा काढून वरात कशाला.

मागून आलेल्याला आधी घेतलं याबद्दल माझं काही म्हणणंच नाही आणि ते मी तिथे लिहिलंय, शेवटच्या ओळीत, पण तिथपर्यंत वाचतं कोण. माझी तक्रार ही आहे की दीड तासात एक माणूस बाहेर आला नाही. काउंटरवरची मुलगी फोनवर. कुत्रा माझ्या पायावर उलट्या करतोय आणि तो मरतोय की नाही हेच मला माहीत नाही. कोणीतरी येऊन हिरड्या बघायच्या, 'रंग ठीक आहे, आत एक सिरियस आहे, तुम्हाला तासभर लागेल' म्हणायचं. किती वेळ लागतो याला? मी गप बसलो असतो. पण ॲडव्हान्सची पावती फाडायला मात्र तिला पाचव्या मिनिटाला वेळ मिळाला.

चौकस
हे 'गप बसलो असतो' वगैरे आता. पोस्टचं टायटल 'धंदा' होतं, 'मला कोणी सांगितलं नाही' असं नव्हतं.

माऊशी
तिरसट यांना १००% अनुमोदन. माझ्या मांजराच्या वेळी तर ते दार. तुमच्या हातातून घेतात, दार बंद, आणि आत ओरडल्याचा आवाज आपल्याचा की दुसऱ्या कोणाचा हे ओळखत बसायचं. माणसांच्या दवाखान्यात निदान नातेवाईकाला काचेतून दिसतं तरी. काय लपवायचंय एवढं?

दंडक
मुद्दा बाजूला ठेवून एक सांगतो. ही 'पेट पेरेंट' काय भानगड आहे? परवा एका दवाखान्यात फॉर्मवर 'आईचे नाव' असा रकाना होता. मी कुत्र्याच्या आईचं नाव लिहिलं. पुढचा फॉर्म मला मुकाट्याने दिला.

माऊशी
दंडक, तुम्ही प्रत्येक धाग्यावर हेच.

रात्रपाळी
मी व्हेट आहे, ८ वर्षं रात्रीच काम करतेय, म्हणून राहवलं नाही. दोन्ही बाजूंवर चिडलेय.

माऊशी, लपवायचं काही नसतं. आत एक टेबल, मी आणि दोन मदतनीस. श्वास थांबलेल्या कुत्र्याची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, त्याच वेळी नळी घालायची, शीर शोधायची. शेजारी मालक किंचाळत असेल, नाहीतर चक्कर येऊन पडला तर माझे पेशंट दोन होतात. झालंय हे. आणि घरी गोंडस असलेलं मांजर दुखत असताना मालकाला कडकडून चावतं, मग तेही आमच्याच नावावर.

ॲडव्हान्सबद्दल: उपचार करून घेऊन, सकाळी येतो म्हणून गेलेले आणि परत न आलेले, प्राणी तसाच सोडून, असे किती ते मोजायचं मी बंद केलंय. तुम्ही तसे नाही मान्य. पण ते कपाळावर लिहिलेलं नसतं.

तिरसट, बाहेर येऊन सांगायला हवं होतं. हे चुकलं त्यांचं. पण त्या वेळी आत काय असतं ते पण ऐका. गेल्या आठवड्यातलं, कुत्री ७ वर्षांची, चार दिवस खात नाही, पाणी मात्र ढसाढसा. मालक म्हणे पाणी पितेय म्हणजे बरी आहे. बंद पायोमेट्रा. गर्भाशयाचं तोंड बंद, पू बाहेर यायला वाटच नाही, सोनोग्राफीत गर्भाशय सॉसेजसारखं. शेवटची हीट, म्हणजे माज, कधी विचारलं तर दीडेक महिन्यापूर्वी. स्पे का नाही केली तर 'एकदा तरी पिल्लं होऊ द्यायची होती'. ७ वर्षं 'एकदा तरी'. हे एक वाक्य बंद झालं तर माझ्या अर्ध्या रात्री रिकाम्या जातील.

ओसरी
झालं, आली नसबंदी. डॉक्टर, आदर ठेवून सांगतो, माझ्याकडे गेली २० वर्षं कुत्र्या आहेत, एकीलाही स्पे केलं नाही, एकीलाही पायोमेट्रा झालं नाही. निरोगी जनावराचा अवयव भीतीपोटी काढून टाकायचा ही कुठली वैद्यकी? तिरसट यांचं 'भीतीचा धंदा' इथे फिट्ट बसतं.

तिरसट
मला यात ओढू नका.

रात्रपाळी
ओसरी, स्वीडनमध्ये स्पे करायची पद्धत फारशी नव्हती, म्हणून तिथल्या विम्याच्या नोंदीतून हे नीट मोजता आलं. १० वर्षांची होईपर्यंत साधारण चारातल्या एका कुत्रीला पायोमेट्रा. तुमच्या किती होत्या?

ओसरी
पाच.

रात्रपाळी
मग नशीब म्हणा, सिद्धांत म्हणू नका.

ओसरी
आणि तुम्ही लोक 'पहिल्या हीटआधी स्पे करा, स्तनाचा कॅन्सर ०.५ टक्के' म्हणून जे तोंडावर फेकता ते १९६९ च्या एका पेपरमधलं आहे. २०१२ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा पुरावा कमजोर निघाला. गोल्डन रिट्रीव्हरवरचा कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाचा २०१३ चा अभ्यास वाचलाय का? लवकर नसबंदी केलेल्यांत सांध्यांचे आजार जास्त. स्पे केलेल्या काही कुत्र्या पुढे झोपेत मुततात ते वेगळंच. हे कुठल्या दवाखान्याच्या भिंतीवर लावलेलं दिसलं नाही मला.

रात्रपाळी
वाचलाय. म्हणूनच मोठ्या जातींना मी थोडं थांबून करा सांगते. स्तनाच्या आकड्याचं तुमचं बरोबर आहे, तो आकडा मी सांगत नाही. पण 'कधी करावी' हा वाद वेगळा आणि 'करूच नये' हा वेगळा. गर्भाशयच नसेल तर त्यात पू होत नाही, याला पेपर लागत नाही.

ओसरी
'तुमचं बरोबर आहे' हे एका व्हेटच्या तोंडून ऐकलं, आजचा दिवस सोन्याचा.

माऊशी
बरोबर वगैरे काही नाही हं. 'अवयव' म्हणे. त्या पिल्लांना घरं तुम्ही शोधून देता का? खोक्यात घालून दवाखान्याच्या पायरीवर ठेवलेली पिल्लं मी उचललीयेत, चौघांपैकी एक जगलं, बाकीच्यांना पार्व्हो, तो जुलाब-उलट्यांचा विषाणू. २० वर्षांचा अनुभव कौतुकाने सांगायचा आणि त्या २० वर्षांत किती पिल्लं झाली ते सांगायचं नाही.

ओसरी
माझी एकही पिल्लं रस्त्यावर गेलेली नाहीत आणि तुम्ही मला ओळखत नाही. भाषा सांभाळा.

दंडक
'एकही पिल्लू गेलेलं नाही'. एकवचन.

नवखा
(रात्री ११:५२) मध्येच विचारतो सॉरी. माझा बोका सकाळपासून दहा-पंधरा वेळा शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, काहीच होत नाही. बहुतेक बद्धकोष्ठ झालंय. घरात माणसांचं जुलाब होण्याचं औषध आहे ते थोडं दिलं तर चालेल का, की सकाळपर्यंत वाट बघू? इथे एक डॉक्टर दिसल्या म्हणून.

ओसरी
माऊशी, मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, ॲडमिनला पाठवतो.

तिरसट
अहो ते सोडा!! नवखा, शेवटची लघवी कधी बघितली? शी नव्हे, लघवी. ट्रेमध्ये ओला गोळा आहे का आज एकतरी?

नवखा
नाही. आज एकही नाही. दोन थेंब असतील कडेला, गुलाबी. मगाशी ट्रेमध्ये बसून रडल्यासारखा ओरडला.

रात्रपाळी
बद्धकोष्ठ नाही. लघवी तुंबलीये. काही देऊ नका, औषध नाही, पोट दाबू नका, आत्ता निघा. नर मांजरांचा मार्ग अगदी बारीक असतो, त्यात खडा नाहीतर चिकट बोळा अडकतो. रक्तात पोटॅशियम साठतं आणि हृदय थांबतं. सकाळपर्यंत थांबू नका. निघताना फोन करून सांगा, 'बोका, लघवी बंद, सकाळपासून'. एवढेच शब्द. वेगळं काही सांगत बसू नका.

चौकस
उलटी झालीये का, मलूल आहे का हेही बघा, पण गाडीत बघा. घरी नको.

नवखा
निघालो.

माऊशी
माझ्या बोक्याचं हेच झालं होतं. मी तूप पाजलं होतं. दोन दिवस. वर दाराबद्दल लिहिलं ना, खरं सांगायचं तर राग दाराचा नव्हता.

चौकस
माऊशी ❤

दंडक
मी आज काही बोलत नाही.

नवखा
(१२:४१) पोचलो. ब्लॉकच आहे. टोपलीसकट आत नेला. ईसीजी लावणार म्हणाले. ॲडव्हान्स भरला, पावतीवर माझं नाव चुकलंय, राहू दे. दाराबाहेर बसलोय. एक काका आहेत शेजारी, लॅब्राडॉर घेऊन, माझ्याआधीपासून. त्यांना थांबायला लावलं माझ्यासाठी. काय बोलू त्यांच्याशी कळत नाहीये.

चौकस
तिरसट, वाचताय ना?

तिरसट
वाचतोय. जिंकलात, घ्या पेढे. धंदा हा शब्द मागे घेतो. बाकीचं एक अक्षर मागे घेत नाही.

नवखा
(१:२५) पाऊण तास झाला. कोणी बाहेर आलं नाही. आतून आवाज पण नाही.

तिरसट
हे बघा. हेच. हेच सांगत होतो मी.

नवखा, उठ आणि काउंटरवर जा. 'कसा आहे' विचारू नको, 'बघून सांगतो' म्हणतील. विचार: कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, गेला का, पोटॅशियम किती आलं. दोनच प्रश्न.

रात्रपाळी
बरोबर सांगताय. काउंटरवरचे आत जाऊन विचारतील. पहिला प्रयत्न फसला तर भूल वाढवून परत करावा लागतो, त्याला वेळ लागतो. आवाज नाही म्हणजे भुलीखाली आहे, त्याचा वेगळा अर्थ काढू नका.

नवखा
(१:३८) विचारलं. मदतनीस मुलगा बाहेर आला, ग्लोव्हजसकट. कॅथेटर गेलाय. पोटॅशियम बरंच वर होतं, हृदयासाठी कॅल्शियम दिलं म्हणे. लघवीच्या पिशवीचा फोटो दाखवला मोबाईलवर, लालभडक आहे, रक्तच वाटतंय.

रात्रपाळी
सुरुवातीला असते लाल. पिशवी भरतेय ना? भरू दे. आता एकदम खूप लघवी होईल, त्यासाठी सलाईन चालू राहील, दोन-तीन दिवस ॲडमिट धरून चाला. कॅथेटर काढल्यावर परत तुंबू शकतं, घरी आणल्यावर ट्रेवर लक्ष.

नवखा
लॅब्राडॉरवाल्या काकांना आत्ता आत बोलावलं. जाताना विचारलं त्यांनी, 'मांजर कसं आहे?'

ओसरी
बोका बरा होऊ दे. माऊशी, स्क्रीनशॉट डिलीट केला. नसबंदीचं मात्र उद्या बोलू.